एक बंद पडलं तर

अमान नांदेडहून आला तो थेट गॅरेजात. एका हातात बायकोनं दिलेला डबा, दुसऱ्या हातात क्लासवाल्या सरांचे कागद. घरात जाऊन अम्मीला सलाम करायचंही त्याला सुचलं नाही. अजहर गाडीखाली उताणा पडून मागच्या इंजिनाच्या गिअरची दांडी आवळत होता. त्याला भावाचे नुसते बूट दिसले, पॉलिश केलेले, आणि त्या बुटांवरूनच त्यानं ओळखलं की भाई आज अब्बांची सही घेतल्याशिवाय हलायचा नाही.

"झालं का तुमचं विमान?" अमान म्हणाला.

"झालं. जुम्म्याची नमाज झाली की अब्बा काढणार."

"काढून जाणार कुठं?"

"मोगरवाडीला."

मोगरवाडीचं नाव निघालं की या घरात कुणीही असो, गप्पच बसायचं. त्यांची बहीण, जेबा आपा, त्या गावात दिलेली. त्र्याण्णवच्या भूकंपात दगडमातीचं घर वरून आलं आणि ती, तिचा नवरा, तिची सासू, तिघंही त्यात गेली. लग्नाला आठ महिने झाले होते.

आता गाडीचं सांगायचं तर, लातुरात औसा रोडवर खाजा मिस्त्रींना, म्हणजे या दोघांच्या अब्बांना, सगळे शहाणा माणूस समजायचे, ते या गाडीपर्यंत. मारुती आठशेला पुढं एक इंजिन असतं आणि तेवढं सगळ्या जगाला पुरतं. मिस्त्रींनी मागचं सीट उपटून तिथं दुसऱ्या मारुतीचं इंजिन गिअरबॉक्ससकट, चाकांसकट बसवलं. पुढचं इंजिन पुढची चाकं ओढणार, मागचं मागची ढकलणार. किल्ल्या दोन, बॅटऱ्या दोन, रेडिएटर दोन. गिअरही दोन, शेजारी शेजारी, लोखंडी पट्टीनं एकत्र बांधलेले, आणि त्या पट्टीला एक पिन. एक इंजिन बंद पडलं की पिन उपसायची, त्याचा गिअर मोकळा करायचा आणि दुसऱ्याच्या जिवावर पुढं जायचं. क्लच मात्र एकच. तो दाबायला मिस्त्रींना सीटवरून निम्मं उठावं लागायचं. टपरीवरची पोरं म्हणायची, "मिस्त्री, दोन सवती एका घरात घातल्यात, नांदतील का?" मिस्त्री हसायचेही नाहीत.

रईसाबीनं पहिल्याच दिवशी नवऱ्याला बजावलं होतं की घरातला एक रुपया या डबड्यात जाणार नाही. मिस्त्रींनी ते पाळलं. गाडी उभी राहिली ती जळक्या ऑइलवर. गिऱ्हाइकांच्या गाड्यांतलं काळं तेल डब्यात साठवायचं आणि सेंट्रिंगवाल्यांना विकायचं. स्लॅब टाकण्याआधी पत्र्यांना चोपडायला त्यांना ते लागतं. भूकंपानंतर घरं उठली, मग क्लास निघाले, क्लासला पोरं आली, पोरांसाठी होस्टेलं आली, आणि लातुरात कुठं ना कुठं रोज स्लॅब पडतच राहिला. एका होस्टेलच्या स्लॅबात क्लचच्या केबली आल्या, दुसऱ्यात रेडिएटर. असं करत करत नऊ वर्षं गेली. दुसरं इंजिन बिलोलीच्या एका डॉक्टरच्या गाडीचं. गाडी झाडावर गेली, डॉक्टर वाचला, इंजिनही वाचलं. ते अमाननंच टेम्पोत घालून पाठवलं होतं. म्हाताऱ्याचा जीव रमेल, असं तेव्हा त्याला वाटलं होतं.

"हे बघ," अमान टायरवर बसत म्हणाला, "सर आपल्या या जागेवर पाच मजले बांधतो म्हणून राहिले. खालचे दोन गाळे आपल्याला. मनतशा दहावीला हाय, पुढच्या वर्षी ती इथं क्लासला येईल, फी घेणार न्हाई म्हणतात. माझी पोरगी डॉक्टर व्हावी असं मला वाटू नये का?"

"वाटू दे की. अब्बाला सांग."

"सहा वेळा सांगितलं. गाडी झाली की बघू म्हणतात. आता झाली ना? तू सांग. तुझंच ऐकतात. नऊ वर्सं तूच चढवून ठेवलंय त्यांना."

अजहर हात पुसत बाहेर आला. चढवून ठेवलंय, हे त्याला फार लागलं. कंधारची, हिमायतनगरची, कुठकुठली पोरं लातुरात येऊन डॉक्टर, इंजिनिअर होऊन गेली, आणि लातुरातलाच अजहर बारावीची परीक्षा न देता गॅरेजात उतरला. भूकंपाच्या त्या वर्षी अब्बा हातात पाना धरून तासन् तास नुसते बसायचे. गिऱ्हाईक येऊन परत जायचं. कुणीतरी उतरायला हवं होतं, आणि भाईचं तर नांदेडला दुकान लागलेलं.

त्या हिवाळ्यात अब्बा एकदाच त्याच्याशी बोलले होते. जमीन हलल्याबरोबर ते गिऱ्हाइकाची जीप घेऊन मोगरवाडीला निघाले. औशाच्या पुढं जीप बंद पडली. इंजिनाला पेट्रोल ओढून देणाऱ्या पंपाचा रबरी पडदा फाटला होता आणि जवळ दुसरा नव्हता. जो तो आपापल्या माणसांकडं पळत होता, कोण थांबणार? तिथं तीन तास गेले. ते गावात पोचले तेव्हा ऊन वर आलं होतं आणि जेबाला बाहेर काढून ठेवलं होतं. शेजारची धोंडाबाई त्यांच्यापुढं ऊर बडवत म्हणाली, "बापाची वाट बघत बघत गेली हो लेक. अब्बा येतेत, अब्बा येतेत म्हणत गेली."

"म्हणजे ती जिवंत होती, अजहर," अब्बा म्हणाले होते. "मी औशापुढं पंप खोलून बसलो होतो तेव्हा ती होती." हे घरात कुणालाही सांगायचं नाही, अशी कसमही त्यांनी घातली. दुसऱ्या दिवशी ते भंगारातली पहिली मारुती घेऊन आले. अजहरनं कसम पाळली. भाईला नाही, अम्मीला नाही, कुणाला म्हणून सांगितलं नाही.

"तू मला काही बोलणार हायेस का?" अमान विचारत होता.

अजहर बोलला असता की नाही कोण जाणे. तेवढ्यात फाटकातून धोंडाबाई आली, डोक्यावर पिशवी, एका हातात चपला. तिचा नातू सत्यम जूनपासून यांच्याच वरच्या खोलीत भाड्यानं राहून क्लास करत होता. महिन्याकाठी ती त्याच्यासाठी कडक भाकरी आणि शेंगाची चटणी घेऊन यायची. पोरगं क्लासहून येईपर्यंत रईसाबीशी चार गोष्टी बोलायच्या, चहा प्यायचा आणि एसटी गाठायची, असा तिचा नेम. मिस्त्री मात्र ती आली की काहीतरी काम काढून बाहेर जायचे. धोंडाबाईला वाटायचं, माणूस मुखदुर्बळ आहे.

रईसाबीनं अंगणातच चहा आणला. अमानला बघून ती म्हणाली, "आलास होय? घर कुठंय ते विसरलास का?" अमाननं घाईघाईनं सलाम केला आणि कागद मांडीखाली सारले. आईच्या नजरेतून ते सुटले नाहीत, पण परक्या माणसापुढं ती बोलली नाही.

धोंडाबाई बशीत चहा ओतत गाडीकडं बघत होती. "रईसाबी, ह्या गाडीला दोन तोंडं हायेत का?"

"दोन इंजिनं हायेत, मावशी," अजहर म्हणाला.

"दोन काहून?"

"एक बंद पडलं तर दुसरं असावं म्हणून."

"येवढं काय अडलंय मिस्तरीचं?"

अजहर दुसरं काहीही सांगू शकला असता. पण भाईचं बोलणं अजून त्याच्या अंगात खुपत होतं, गाडी आज निघणार होती, आणि ही बाई इतकं भोळेपणानं विचारत होती की त्याला तिचा राग आला. "तुम्हीच विचारताय?" तो म्हणाला. "तुम्हीच सांगितलं होतं ना अब्बाला, आपा त्यांची वाट बघत गेली म्हणून?"

"मी? कवा?"

"भूकंपाच्या दिवशी. अब्बा येतेत, अब्बा येतेत म्हणत गेली. तुम्ही म्हणालात. जीप बंद पडली नसती तर आपा वाचली असती, हे डोक्यात घेऊन अब्बानं नऊ वर्सं ही गाडी केली."

धोंडाबाईनं बशी खाली ठेवली. "आरं बाबा," ती हळूच म्हणाली, "मी तर रातच्याला शेतावर व्हते, जागलीला. म्हणून तर जगले. गावात आले तवा फटफटलं व्हतं. जेबाचं घर पहिल्याच हादऱ्याला बसलं व्हतं. आमी किती येळ कान लावून ऐकलं. आवाज न्हाई, कण्हणं न्हाई. कायबी न्हाई."

"मग ते वाट बघत गेली?"

"ते रडणं हाय रं." तिला कसं सांगावं ते कळेना. "लेक जाती अन् बाप दारात येतो, तवा बायामाणसानं असंच रडायचं अस्तंय. बापाची वाट बघत गेली, भावाची वाट बघत गेली. समद्यांनाच म्हणत्यात. माझी सासू गेली तवा तिच्या भावापुढं मी असंच रडले. अन् सासू चार वर्सं कुणाला वळखतबी नव्हती. भावानं डोळे पुसले, भाकर खाल्ली अन् गेला. त्याला ठावं व्हतं ना, रडणं हाय म्हणून."

अजहर तिच्याकडं बघतच राहिला. त्यांच्या घरात मय्यत झाली की कुराणातली यासीन पढतात, डोळे गळतात, पण हेल काढून बोलत कुणी रडत नाही. अब्बांचा सगळा जन्म लातूरच्या बाजारपेठेत गेला. खेड्यातल्या बायांचं रडणं त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं असेल. ते रडणं त्यांनी साक्ष म्हणून घेतलं आणि जन्मभरासाठी छातीवर ठेवून घेतलं.

"हे तुला माहीत होतं?" रईसाबीनं विचारलं. तिच्या हातातला कप तसाच होता. "हे असं तुझ्या अब्बाच्या मनात हाय, हे?"

"अब्बानं कसम घातली होती, अम्मी."

"नऊ वर्सं मी त्या माणसाला जेवायला वाढते," ती म्हणाली. "नऊ वर्सं मला वाटलं, जीप बंद पडली त्याचा राग हाय." कप ठेवून ती आत निघून गेली. धोंडाबाई पदरात तोंड घालून रडायला लागली. या वेळी तिच्या रडण्यात एकही शब्द नव्हता.

अमान उठून फेऱ्या मारायला लागला. आधी म्हणाला, "आत्ताच्या आत्ता सांगू. सुटतील बिचारे. हे खूळ जाईल, जागेचंही मार्गी लागेल." दोन फेऱ्या झाल्यावर तो थांबला. "पण सांगायचं कसं? तुम्ही नऊ वर्सं जे केलं ते कशासाठीच नव्हतं, असं? माझ्यानं व्हायचं न्हाई, अजहर. राहू दे. आजच्या दिवस जाऊ दे त्यांना मोगरवाडीला. मनतशाचं पुढचं पुढं बघू."

सकाळपासून सहीसाठी आलेला भाई असा एकदम पातळ झाला, आणि नऊ वर्षं अब्बाच्या बाजूनं उभा राहिलेल्या अजहरला मात्र आता दम धरवेना. एवढी वर्षं आपण काय केलं, याचा हिशोब त्याला नको होता. आपली बारावी, आपलं वय, जायचं ते गेलं. पण अब्बा आज त्या गावात जाऊन, कबर इथं लातुरातच असूनही, त्या पडक्या जागेपुढं उभे राहून लेकीची माफी मागणार, हे त्याला दिसत होतं. ज्या गुन्ह्यासाठी मागणार तो त्यांनी केलाच नव्हता.

"मी सांगतो," तो म्हणाला.

मिस्त्री नमाजहून आले ते नवा पांढरा कुर्ता, टोपी घालून, अत्तर लावून. ईदलाही ते इतके नटत नसत. धोंडाबाईला बघून नेहमीसारखेच अडखळले, सलाम केला, आणि गाडीत जाऊन बसले. पुढची किल्ली फिरवली, इंजिन लागलं. मागची फिरवली, तेही लागलं. दोन्ही आवाज आधी मागंपुढं झाले, मग एकात एक मिसळून गेले. मिस्त्री मान तिरकी करून ऐकत होते. अजहरनं त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान फार दिवसांनी पाहिलं, आणि आपण करणार आहोत ते चांगलं की वाईट, हे त्याला कळेनासं झालं.

तो शेजारी बसला. "अब्बा, निघण्याआधी एक ऐका." आणि धोंडाबाईनं जे सांगितलं ते त्यानं जसंच्या तसं सांगितलं. इंजिनांच्या आवाजात त्याला मोठ्यानं बोलावं लागलं. असली गोष्ट ओरडून सांगावी लागते, याचंच त्याला रडू येत होतं.

मिस्त्रींनी त्याच्याकडं बघितलं नाही. त्यांची नजर टायरजवळच्या कागदांवर होती. "अमाननं सांगायला लावलं का?"

"न्हाई, अब्बा," अमान पुढं येत म्हणाला. "मला जागा नको. खरंच नको."

धोंडाबाई गाडीच्या दाराशी आली. "मिस्तरीभाऊ, मी नव्हतेच वो तितं. माझं चुकलं. मला काय ठावं तुमी ते मनाला लावून घेताल."

"तुमचं काही चुकलं न्हाई, बाई," मिस्त्री शांतपणे म्हणाले. "तुम्ही भली माणसं. मला बरं वाटावं म्हणून आज असं बोलताय. त्या दिवशी खरं बोललात."

मिस्त्रींनी सीटवरून अर्धवट उठून क्लच दाबला आणि बांधलेले दोन्ही गिअर पहिल्यात टाकले.

"थांबा," रईसाबी म्हणाली. ती घरातून कधी आली ते कुणी पाहिलं नव्हतं. ती गाडीच्या पुढून वळसा घालून नवऱ्याच्या खिडकीपाशी आली आणि खिडकीच्या काठावर तिनं हात ठेवला. "जेबाला गुस्ल मी दिला होता. तिची शेवटची अंघोळ मी घातली."

मिस्त्रींचा पाय क्लचवर तसाच राहिला.

"आपल्या मोरीत, या हातांनी. केसांत खडे होते, कानात माती होती, नखांत माती होती. नाकपुड्या बघितल्या, तोंड उघडून बघितलं. आत धूळ नव्हती. ओला कापूस फिरवला तर पांढराच्या पांढरा बाहेर आला."

मिस्त्रींनी चाळीस वर्षं गाड्यांचे एअर फिल्टर उघडून पाहिले होते. चालू इंजिन धूळ आत ओढतं, बंद असलं की ती बाहेरच्या बाहेर बसते. त्यांना कुणी काही समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांनी गिअर काढले. हात पुढं करून मागच्या इंजिनाची किल्ली बंद केली, मग पुढच्याची. अंगणात एकदम शांत झालं. रस्त्यावर एक क्लास सुटला होता आणि पोरांच्या सायकलींच्या घंट्या वाजत होत्या.

"आधी काहून न्हाई बोललीस?"

"गुस्लात बघितलेलं बाहेर बोलू नये, असं अम्मानं शिकवलं होतं. अन् तुम्ही काय धरून बसलात ते मला आज कळलं. तुम्ही विचारलं न्हाई, मी सांगितलं न्हाई." तिनं स्वतःच्या गालावर हात ठेवला. "तिच्या या गालावर गोधडीच्या टाक्यांचे वळ उठले होते. गाढ झोपेत होती ती. लहानपणी झोपायची तशी, गाल दाबून."

अजहर वाट बघत होता की आता त्यांच्या खांद्यावरचं ओझं उतरेल, ते सुस्कारा टाकतील, निदान अल्लाचे आभार मानतील.

"म्हणजे तिनं मला हाक मारलीच न्हाई," ते म्हणाले.

"न्हाई," रईसाबी म्हणाली. "जागीच झाली न्हाई ती."

तेव्हा ते रडले. स्टिअरिंगवर डोकं टेकवून, पोरांदेखत, त्या परक्या बाईदेखत, तोंड उघडं टाकून रडले. अजहरनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला, तो त्यांना कळलाही नाही. अमान फाटकाकडं तोंड करून उभा राहिला.

"रोज ऐकायचो मी," ते म्हणाले. "पाना हातात घेतला की ऐकायला यायची. अब्बा, अब्बा. फार त्रास व्हायचा. पण तिचा आवाज तर होता." त्यांनी डोकं वर करून बायकोकडं पाहिलं, आणि पोरांसमोर जन्मात कधी तिचं नाव न घेतलेला तो माणूस म्हणाला, "आता मी काय ऐकू, रईसा?"